खोडलेल्या तीन ओळी

लाल शाईचा वास आला की किन्हवलीच्या शाळेतली ती वही आठवते. नववीतल्या एका मुलीने आई गेल्यावर कविता लिहिली होती. मी लघु-गुरू मोजले, यमक तपासलं, सगळं बरोबर होतं. पण ‘आये, चूल इझली’ ही ओळ पाच वेळा आली होती. "तेच तेच आलं की कविता ढिली पडते," म्हणत मी तीन खोडल्या. ती हळूच म्हणाली, "बाई, आमच्या पाड्यावर मयताला नवीन मानूस दारात आला का रडनारी तीच ओळ परत म्हनते. पाचच मानसं आली व्हती." तरी मी खोडलेलं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने कविता वेगळ्या कागदावर लिहून आणली, ती ओळ दोनदाच. तो कागद अजून माझ्याकडे आहे: दहापैकी नऊ गुण, खाली माझी सही.