शेऱ्याचा रकाना

ऑइल पेंटचा वास आला की मला तलासरीजवळचा एक पाडा आठवतो. २०१६ साल होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी दोन वर्षं वाणगावला घरीच होते. आईने नोकरीबद्दल विचारणंही सोडलं होतं. अखेर एका कंत्राटदाराकडे काम मिळालं. रस्त्यासाठी तोडायच्या झाडांची यादी करायची आणि बुंध्यावर लाल रंगाने नंबर टाकायचा. एका मोहावर नंबर टाकत होते तेव्हा फुलं वेचणारी म्हातारी टोपली ठेवून जवळ आली. "बाय, तू झाडांची डाक्तर हायस का?" तिने विचारलं. मी हसून हो म्हटलं. "मग याला काय झालंय?" मला खोटं बोलवेना. "काही झालं नाही, आजी. हे तोडणार आहेत." तिने बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझ्या कागदावर लिव, झाड चांगलं हाय." शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'निरोगी, फुलांवर आलेलं.' संध्याकाळी सुपरवायझरने त्यावर काट मारली. "मॅडम, हा रकाना कोरा ठेवायचा असतो." मी मान हलवली, आणि पुढची सगळी पानं तशीच कोरी ठेवली. आता मी कॉलेजात शिकवते. बॉटनी करून पुढे काय, असं मुली विचारतात, तेव्हा मी त्यांना सगळ्या वाटा सांगते, ती पहिली नोकरीसुद्धा सांगते. मान हलवली होती, एवढं मात्र अजून सांगता आलेलं नाही.