नाळ राखायचं ठरलं होतं

"साहेब, डोलकाठीला लागली," मी म्हणालो.

"हँडल थांबवू नकोस," साहेब म्हणाले.

हँडल म्हणजे कॅमेऱ्याचं. मूकपटांच्या काळात कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली लाकडी पेटी, आणि तिच्या कुशीला एक हँडल. ते कॅमेरामननं हातानं फिरवायचं. हळू फिरवलं तर पडद्यावर महाराज माकडासारखे पळत सुटतात, जोरात फिरवलं तर गुडघाभर चिखलातून चालल्यासारखे चालतात. चाल बिघडू नये म्हणून प्रत्येक जण मनात काहीतरी म्हणत असे. मी आरती म्हणायचो. समोर एका माणसाची होडी जळत होती आणि मी मनात आरती म्हणत हँडल फिरवत होतो.

साहेब म्हणजे आमचे डायरेक्टर. त्यांच्या मुठीत लाल रुमाल होता. तो रुमाल आतापर्यंत खाली यायला हवा होता. तो का यायला हवा होता, ते सांगतो.

आमची कंपनी मुंबईची. आरमाराचं एक ऐतिहासिक चित्र काढायचं घाटत होतं. शेवटी आमचा नायक शत्रूच्या जहाजाला आग लावतो आणि जहाज बुडतं, असा प्रसंग होता. नायकाला पोहता येत नव्हतं ती गोष्ट वेगळी. त्याला गुडघाभर पाण्यात उभा करून मी तो समुद्रात आहे असं दाखवणारच होतो. प्रश्न जहाजाचा होता. शेठ म्हणजे आमचे गुजराती मालक. ते म्हणाले, "असली बोट जोईए. पब्लिकला खोटा चालत नाय."

मग आम्ही आगबोटीनं रेवसला उतरलो आणि बैलगाड्यांवर पेट्या लादून किहीमला आलो. कॅमेरा मी मांडीवर घेऊन बसलो होतो, बैलांवर माझा विश्वास नव्हता. जागा चांगली होती. माडांमागे मुक्काम, पुढे रुंद पुळण आणि बाजूला कोळीवाडा. तिथं धर्मा नाखव्याची गाठ पडली. नाखवा म्हणजे होडीचा मालक. साठीच्या आसपासचा माणूस, बोलणं बेताचं. त्याची जुनी होडी थकली होती. फळ्या भुसभुशीत झाल्या होत्या, दर भरतीला पाणी उपसावं लागे. वरच्या अंगाला नवी होडी बांधायला घेतलेली होती. शेठनं नव्या होडीला लागणारा साग द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात जुनी होडी मागितली. नाखव्यानं एकच अट घातली.

"जाळा तुमी," तो म्हणाला. "पन नाळ मना पायजे."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाणी कापणारं. त्यांच्या घरात रीत अशी की जुन्या होडीच्या नाळेचा शेंडा काढून नव्या होडीच्या नाळेत बसवायचा. या होडीतला शेंडा त्याच्या बापाच्या होडीतून आलेला, बापाच्या होडीत आज्याच्या. हातभर लाकूड, पण घरातली सगळी माणसं त्याच्यामागे बसून दर्यात गेलेली. त्याच्याशिवाय नव्या होडीत घरातला वडील माणूस पाय ठेवत नसे.

साहेब म्हणाले, "मग आत्ताच काढून घ्या की. आम्ही रंगवून दुसरं टोक लावू."

नाखवा हसला नाही, रागावलाही नाही. "पान्यावर असंल तवर ती जिती हाय, सायेब. जित्या बायचं नाक कापतात काय? ती काठाला लागली, नारल फोरला, मंग काढायची."

आणि साहेबांना तर ती पाण्यावरच हवी होती. वाळूवर जळणारं जहाज कोण पाहणार?

यावर तोडगा मी काढला, आणि तो चांगला होता असं मला आजही वाटतं. मी म्हणालो, आग मागच्या बाजूनं लावू. ज्वाळा डोलकाठीपर्यंत येईतो शॉट पुरेसा होतो. पुढचं सगळं कॅमेरा जवळ नेऊन, नायकाच्या तोंडाच्या शॉटवर, धुरावर भागवता येतं. पडद्यावर अर्धं दाखवलं की उरलेलं लोक स्वतःच बघतात. डोलकाठीला आग लागली की साहेबांनी लाल रुमाल टाकायचा. कमरेभर पाण्यात, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, नाखव्याचे मुलगे बादल्या आणि ओली गोणपाटं घेऊन उभे राहतील. रुमाल पडला की त्यांनी आग विझवायची, उरलेली होडी काठाला ओढायची आणि नाळ काढून घ्यायची.

"रुमाल मीच टाकेन," साहेब म्हणाले. "शब्द दिला."

नाखव्यानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ते सांगतात तसा व्हईल ना?"

"होईल, नाखवा," मी म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

आमच्या रंगाऱ्यांनी होडीला काळा रंग दिला, पुठ्ठ्याच्या तोफा बसवल्या आणि शिडाऐवजी जुनी तागाची पट्टी टांगली. नाखव्याची बायको काठावर उभी राहून ते बघत होती. "मेली माजी, नवरी करून मसनात चालली," ती म्हणाली. पण रंग चांगला बसला होता, तेवढं तिनंही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र शांत होता आणि ऊन सरळ होतं. आम्हाला उन्हाशिवाय दुसरा दिवा नव्हता. पोरापोरींच्या हाती चंदेरी कागद लावलेल्या फळ्या देऊन अंधाऱ्या बाजूला उजेड मारायचा, एवढीच आमची विद्या. मागच्या बाजूला रॉकेलची गोणपाटं ठेवली होती. नायकानं काठावरून मशाल फेकली. ती पाण्यात पडली. मग आमच्या एका माणसानं पलीकडून, कॅमेऱ्याला न दिसता, आग लावली. मी हँडल धरलं.

त्या होडीनं जन्मभर डांबर आणि माशाचं तेल प्यायलं होतं. ती जी पेटली, ती पाहण्यासारखी पेटली. ज्वाळा उभ्या चढल्या, पट्टी क्षणात गेली, डोलकाठीनं पेट घेतला. इतका सुंदर शॉट माझ्या कॅमेऱ्यासमोर तोवर आला नव्हता, आणि हे मी चिडून सांगतोय. तेव्हाच मी साहेबांना डोलकाठीचं सांगितलं.

"साहेब, रुमाल," मी पुन्हा म्हणालो.

"अरे काय दिसतंय ते बघ तरी!" साहेब म्हणाले. त्यांची मूठ घट्टच होती.

शेठ माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. तिथून, जळू दे म्हणून, ओरडले, "बळवा दो, बळवा दो! एकदम फर्स्ट क्लास!"

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण माडाखाली बसून दुसऱ्याची होडी जाळणारा मी हा एकच पाहिला.

पाण्यातले मुलगे साहेबांच्या हाताकडे बघत उभे होते. शब्द रुमालाचा होता, आणि ती माणसं शब्दाची. रुमाल पडला नाही म्हणून ती हलली नाहीत. आमच्यातला कोणी असता तर केव्हाच धावला असता. त्यांना वाटलं, साहेब बघतायत, साहेबांना कळतं. आग नाळेकडे सरकली तसा थोरल्यानं काठाकडे वळून विचारलं, "बा, जाऊ?"

बा तिथं नव्हता. तो पाण्यात शिरला होता.

तो माझ्या भिंगात उजवीकडून आला. कमरेला लंगोटी, डोक्याला रुमाल, हातात कोयता. पाणी छातीपर्यंत आलं तसा पोहला, नाळेला हात घालून वर चढला. तिथं उभं राहणं शक्य नव्हतं. त्यानं नाळेला पायांनी मिठी मारली आणि धुरात तोंड घालून शेंड्यावर घाव घालायला लागला.

"हा म्हातारा कुठून आला? कट! बंद कर कॅमेरा!" साहेब ओरडले. आता त्यांनी हात खाली केला. रुमाल वाळूवर पडला. मुलगे धावले.

मी हँडल बंद केलं नाही. साहेबांचा हुकूम मोडायची माझी ती पहिली आणि शेवटची खेप. मुलग्यांनी बापाला खाली ओढला आणि होडी वाकडी होऊन खाली बसली, तोवर मी फिरवतच होतो. माझी आरती मात्र कधीच थांबली होती.

शेंडा त्याच्या हातात आला होता. काठावर आणून त्यानं तो लाटेत धरला तेव्हा तो चुरचुरला आणि मधोमध दुभंगला. आतपर्यंत कोळसा झाला होता. नाखव्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. बायको खोबरेल घेऊन धावली, तर त्यानं तिला थांबवलं आणि ते दोन तुकडे एकमेकांना लावून बघितले. असं तीन-चारदा केलं.

शेठ जवळ आले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण वाईट वाटलेला माणूस कसा बोलतो ते मला माहीत आहे, आणि ते तसं बोलले नाहीत. "साग दिला ने आपण? नवा नाक करा. जुनाथी पण मजबूत."

नाखवा म्हणाला, "कोलसा होरीला लावत नाय, शेठ." मग माझ्याकडे बघून एवढंच, "मास्तर, तुमी बोललावता."

मी कॅमेऱ्याचे तीन पाय मिटायला घेतले.

मुंबईला येऊन निगेटिव्ह धुतलं आणि अंधाऱ्या खोलीत सगळे बघायला बसलो. पहिला भाग उत्तम होता. रुमाल पडायला हवा होता तिथपर्यंतचा शॉट अगदी हवा तेवढा, हवा तसा होता. त्यानंतर धूर होता. आणि धुरातून तो म्हातारा आला. भाजणाऱ्या हातांनी तो घाव घालत होता. शत्रू, आरमार, नायक सगळं विसरायला झालं. पंचवीस-तीस चित्रं मी नंतर घेतली, पण असा शॉट पुन्हा मिळाला नाही.

"लंगोटीवाला कोळी शत्रूच्या जहाजावर काय करतो?" साहेब म्हणाले. "काढून टाका."

"मग पहिला भाग ठेवू," मी म्हणालो. "डोलकाठीपर्यंत. तेवढाच तर पाहिजे होता."

शेठ म्हणाले, "अर्धी बळेली बोट कोण बघणार? डुबायला पाहिजे."

म्हणून मग आमच्या सुतारानं लाकूड आणि पुठ्ठ्याचं एक खेळण्यातलं जहाज केलं. स्टुडिओच्या आवारात हौद होता, त्यात रिठ्याचा फेस करून सोडलं. दोघांनी सुपांनी वारा घातला. जहाज जळालं, बुडालं, आणि सगळं दुपारच्या चहाच्या आत उरकलं. त्या जहाजाला तीन डोलकाठ्या होत्या, नाखव्याच्या होडीला एक. दोन्ही जुळेनात. म्हणून किहीमचा पहिला भागही काढून टाकला. नको असलेल्या निगेटिव्हवरची चांदी तेव्हा धुऊन काढून घेत आणि उरलेलं सेल्युलॉइड विकून टाकत. म्हाताऱ्याचा शॉट ठेवून घ्यायला मी मागितला होता. "शुं करशो?" शेठनं विचारलं, आणि तोही गठ्ठ्यात गेला.

चित्र चाललं. पुढे फिरता सिनेमा दाखवणाऱ्या एका तंबूवाल्यानं ते अलिबागला आणलं. मशीन बिघडलं म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं होतं. तंबूत पेटी-तबला वाजत होता, आणि पडद्यावर अक्षरांची पाटी आली की एक जण ती मोठ्यानं वाचून दाखवी. जहाज जळालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. तंबू रिकामा होताना मला धर्मा नाखवा दिसला. दोन्ही हातांची कातडी गुळगुळीत, लालसर झाली होती. नवी होडी दर्यात गेली होती, पण तिच्यावर मुलगेच जात होते. तो काठावर बसून जाळी सांधत होता, असं त्याचा थोरला म्हणाला.

"मास्तर," नाखव्यानं विचारलं, "माजी होरी कंदी दाखवतात? मी सगला बघला."

मी म्हणालो, "ती काढून टाकली, नाखवा. जळाली ती दुसरी. खेळण्यातली, हौदातली."

मी थट्टा करतोय का, हे तो ताडत असावा.

"तिच्यानं भागला?"

"भागलं."

"लोकान्ला कललाबी नाय?"

"नाही."

"मंग माजी कशाला जालली?"

नंतर बोलपट आले, माझी आरती गेली, मोटरवर चालणारे कॅमेरे आले. मी ज्यांच्या ज्यांच्याकडे काम केलं, त्या प्रत्येक डायरेक्टरला काही जाळायचं, पाडायचं किंवा बुडवायचं असलं की मी एकच गोष्ट विचारत आलो: आधी खेळण्यात करून बघूया का? बहुतेक वेळा खेळण्यात भागतं. ते कळतं मात्र खरं जळून गेल्यावर.