चौथ्या चरणाला कमी अक्षरं

मंडळी, आज अकरावीला गरिबीवरचा एक अभंग शिकवत होते. म्हणजे काय, कविता राहिली बाजूला आणि मी फळ्यावर अक्षरं मोजत बसले. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा, चौथ्यात चारच. यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. परीक्षेत हेच विचारतात, काय करणार!

"मॅडम, चौथ्याला कमी का?" मागून एकानं विचारलं.

"नियमच आहे तसा," मी म्हणाले.

तेवढ्यात कबनूरहून एसटीनं येणारी एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "आमच्या घरात बी तसंच हाय की. आम्ही तिघं पोटभर जेवतो. आई शेवटी बसती, तवर भाकरी संपत आलेल्या असत्यात."

कुणी हसलं नाही. मी फळ्यावरच्या चौथ्या चरणाखाली खडूनं रेघ ओढली.

मग सुचलं तेवढं बोलले, "पण अख्खा अभंग त्या चौथ्या चरणावरच टेकतो बरं का. तो पुसला, तर वरचे तिन्ही अधांतरी."

"ते बी तसंच हाय, मॅडम."

दुपारपासून डोक्यातून जात नाही. आज जेवायला बसायच्या आधी एवढं सांगा, तुमच्या घरात चौथा चरण कोण आहे?