आठ दिवसांचा रहाट

कष्टकऱ्यांच्या हालांवर तावातावाने बोलणाऱ्या वाचकहो, ज्याच्यासाठी तुम्ही बोलता त्याला त्याच्या कामातलं काही तुम्ही कधी विचारलं आहे का?

मी विचारलं नव्हतं. पत्रकं मात्र ढीगभर वाचली होती. वडील बाजारातून येताना खिशात घडी करून पत्रकं आणत आणि मी मोठ्याने वाचून दाखवी. कष्ट, पिळवणूक, मुक्ती हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. त्या शब्दांच्या जोरावरच मी सोलापुरातल्या विणकामाच्या शाळेत यंत्रकामाच्या वर्गाला नाव घातलं. माझ्या हातून असं काहीतरी घडावं, की ज्याने एखाद्या तरी माणसाचं दुखणं कमी होईल, एवढी माझी इच्छा होती.

तिथे काम एकट्याने करायचं नाही, अशी रीत होती. तिघांचा गट, तिघांचं एक टेबल, तिघांचा एक आराखडा. त्यावर कुणी नाव घालायचं नाही. पास झाले तर तिघे, नापास झाले तर तिघे. आणि पास कोण करणार? मास्तर नव्हेत. केलेली वस्तू ज्याच्यासाठी केली त्याच्या घरी आठ दिवस ठेवायची. नवव्या दिवशी मास्तर स्वतः जाऊन विचारणार, ‘परत नेऊ का?’ त्याने ‘न्या’ म्हटलं, की वर्ष गेलं.

माझ्या गटातला एक जण खरादी होता. त्याच्या घरात लाकूड कातण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. दुसरा साळ्याचा मुलगा, घरी तेलुगू बोलणारा, अबोल. त्याच्या वडिलांचा घरात खड्ड्याचा माग होता, पाय खड्ड्यात सोडून चालवायचा. त्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं, ‘यंदा नापास झालास तर शाळा बंद. मागावर बसायचं.’ ते एकदा बोलले की बदलत नसत. माझं आणि खराद्याचं वर्ष गेलं असतं तर आम्ही पुन्हा बसलो असतो. त्याचं सगळं शिक्षणच त्या आठ दिवसांवर टांगलेलं होतं.

आम्ही घेतला कांड्या भरायचा रहाट. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर, म्हणजे छोट्या नळ्यांवर, सूत गुंडाळायचं काम घरातल्या बायकाच करतात. सकाळपासून दिवे लागेपर्यंत उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताने सूत सोडायचं. आमच्या ह्या साळी मित्राच्या गल्लीत एक वयस्क बाई होत्या. तो त्यांना पेद्दम्मा म्हणे, म्हणजे थोरली मावशी. चाक फिरवून त्यांचा उजवा खांदा उतरला होता. मी म्हणालो, ‘ह्यांच्यासाठीच करायचं.’

मापं घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी आमच्यासाठी चटई अंथरली, पदर सारखा केला आणि स्वतः मांडी घालून ताठ बसल्या. मी वही काढून खांदा, कोपर, मूठ यांची मापं उतरवली. उतरवताना यंत्राने बाईमाणसाची मुक्ती कशी होईल यावर भाषणही दिलं. त्या मान हलवत होत्या. आमचा मित्र उंबऱ्याशी उभा होता, एक अक्षर बोलला नाही.

रहाट सुंदर झाला. खराद्याने चाक असं कातलं, की एका बोटाने फिरावं. मूठ जवळ आणली, म्हणजे खांद्याला ताण पडणार नाही. खाली रुंद, जड बैठक बसवली, म्हणजे रहाट हलणार नाही. मास्तरांनी फक्त ‘हं’ म्हटलं. आम्ही तो डोक्यावरून पेद्दम्मांच्या घरी पोचवला आणि फुशारत परतलो.

चौथ्या दिवशी राहवेना म्हणून पाहायला गेलो. पेद्दम्मा जुन्याच रहाटावर कांड्या भरत होत्या. आमचा रहाट कोपऱ्यात पाटावर होता. त्याला हळदकुंकू लावलेलं, मुठीत जास्वंदीचं फूल खोचलेलं.

खराद्याने कपाळावर हात मारला. ‘अरे, अपने रहाट कू तो देव बना के बिठा दिये!’

‘लई चांगला हाय की,’ पेद्दम्मा घाईघाईने म्हणाल्या. ‘पोरांनी एवढं केलं.’

‘मग वापरत का नाही, मावशी?’ मी विचारलं.

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. ‘गुडघ्याला लागतो की रे.’

तेव्हा मी प्रथम त्यांच्या बसण्याकडे पाहिलं. पाठ भिंतीला टेकलेली. उजवा गुडघा उभा. डावा पाय लांब पसरलेला आणि त्याचा तळवा जुन्या रहाटाच्या लाकडावर दाबून धरलेला. आमची जवळ आणलेली मूठ दर फेऱ्याला बरोबर त्या उभ्या गुडघ्यावर आदळणार. आमच्या रुंद, गुळगुळीत बैठकीला तळवा रोवायला कुठे आधारच नव्हता. आम्ही मापं घेतली होती ती पाहुण्यांसमोर बसलेल्या बाईची.

आणि मी काय बोलावं? ‘मावशी, तुम्ही मांडी घालून बसा ना. मग नाही लागणार.’

‘चार कांड्या भरीन तशी,’ त्या म्हणाल्या. ‘दिसभर कोण बसंल? तू बसतो का? बस की!’

मी आमचा रहाट खाली घेतला आणि मांडी घालून बसलो. दहाव्या कांडीला कंबर धरली, पंधराव्या कांडीला पायाला मुंग्या आल्या. सूत तीनदा तुटलं. दारात जमलेल्या शेजारणी पदरात तोंड लपवून हसत होत्या. ‘ह्येच का ते मुक्तीवालं?’ एकीने विचारलंच.

बाहेर आल्यावर मी मित्रावर उसळलो. ‘तुझी आईही रोज अशीच बसून कांड्या भरत असेल! तू बोलला का नाहीस?’

‘तू विचारलंस कुठं?’ तो म्हणाला. ‘तू आमची मुक्ती करत होतास. मधे कसा बोलू?’

एवढ्या वर्षांत मी ऐकलेल्या कुठल्याही भाषणाने मला इतकं खाली पाहायला लावलं नव्हतं. चार दिवस उरले होते. मी माझी वही त्याच्या हातात दिली.

त्या क्षणापासून काम त्याने चालवलं. तो पेद्दम्मांशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने तेलुगूत कुणाच्या तरी सुनेच्या गप्पा काढल्या. त्या बोलण्यात रंगल्या, हात आपोआप चालू लागले, गुडघा उभा राहिला. खरादी हळूच दोरा धरून मापं घेई, मी खाली मान घालून लिहून घेई. मध्येच पेद्दम्मांनीच आमच्या बैठकीवर बोट ठेवलं. ‘हितं खाच मार की. पाय बसंल.’ मग चाकाकडे वळून, ‘आन् ही मूठ जरा तिकडं सरकव. ताण नको, पण मार बी नको.’

आम्ही रहाट शाळेत नेला, उजवीकडची कड कापून गुडघ्याला वाट केली, डावीकडे तळव्याएवढी खाच पाडली, मूठ हलवली. आठ दिवसांच्या आत दुरुस्ती करायला मास्तरांची हरकत नव्हती, पण त्यांनी जुना आराखडा फाडू दिला नाही. ‘चूकही टेबलावर राहू दे,’ म्हणाले. सातव्या दिवशी रहाट परत पोचला. ह्या वेळी कुंकू लागलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही मास्तरांच्या मागे त्या घरात शिरलो. मित्राचे वडील आधीच ओट्यावर येऊन बसले होते. आत पेद्दम्मा आमच्या रहाटावर कांड्या भरत होत्या. मास्तर आले तरी थांबल्या नाहीत. चटई अंथरली नाही, पदर सावरला नाही.

‘बाई, हा रहाट परत नेऊ का?’ मास्तरांनी विचारलं.

पेद्दम्मांनी तळवा खाचेत आणखी दाबला. ‘ह्यो न्हाय न्यायचा. त्यो जुना न्या, लई जागा अडवतोय!’

शेजारणी खदखदून हसल्या. मास्तरांनी आराखड्यावर ‘मान्य’ लिहिलं. मित्राचे वडील ओट्यावरून उठून आत आले, त्यांनी वाकून ती खाच बोटाने चाचपली, मुलाला तेलुगूत ‘हे तू केलंस?’ असं विचारलं. तो ‘अवुनु’ म्हणाला, म्हणजे होय. मग ते आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘शिकू दे पुढं. पर आदी ह्याच्या आईला एक करा.’

आम्ही आरोळी ठोकली, रस्त्यावरची माणसं थबकली! त्या गल्लीत त्या हंगामात एकामागून एक रहाट झाले आणि कुठलेही दोन सारखे नव्हते, कारण कुठल्याही दोन बायका सारख्या बसत नाहीत. प्रत्येकीची मापं आमच्या मित्राने घेतली.

आराखडा शाळेच्या भिंतीवर आहे. त्यावर कुणाचं नाव नाही, म्हणून तो तुमचाही आहे. येऊन उतरवून घ्या. मग तुमच्या गल्लीत कांड्या भरणारी जी बाई असेल, तिच्याकडे सुताराला घेऊन जा, तिच्या शेजारी जमिनीवर बसा आणि तिचा हात चालू असताना मापं घ्या. ती सांगेल तिथे खाच मारा. हे ह्याच आठवड्यात करा.