पलीकडच्या कॉटवरचा सक्सेना

परभणी स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई खिडकीचे गज धरून चार पावलं चालली आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, "पोचलास की फोन कर." बाबा तिच्या मागे उभे होते. हात हलवायचा सोडून त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. माझ्या मांडीवर आईनं विणलेली लाल माकडटोपी होती. भर पावसाळ्यात. दिल्लीची थंडी प्लॅटफॉर्म संपला की सुरू होते, अशी तिची समजूत होती.

यंदा आपल्याकडची तीन-चार पोरं मेडिकलला दिल्लीकडे निघाली आहेत आणि मला विचारताहेत, सुरुवातीची वर्षं कशी असतात. अभ्यासाचं कुणीही सांगेल. फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात, हाताचा वास साबणानं जात नाही, आणि डिसेक्शनहून आल्यावर भूक मरेल असं वाटतं ती दुप्पट लागते. त्याची लाज दुसऱ्या आठवड्यात संपते. माझा रूममेट सक्सेना मात्र तिसऱ्या आठवड्यात वही-पुस्तकं तशीच टाकून कानपूरला परत गेला. आई काळजी करेल म्हणून मी ते घरी सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक, आणि त्या वर्षीची त्यातल्या त्यात शहाणपणाची.

हाडांचा संच सीनियरकडून ज्युनियरकडे येतो. खरी हाडं. कुणाची, हे कुणाला माहीत नसतं आणि विचारायची पद्धत नाही. माझा सीनियर नोएडाला राहायचा. त्याच्याकडून संच सॅकमध्ये भरून मी मेट्रोनं निघालो. स्कॅनरच्या पट्ट्यावर सॅक गेली आणि पडद्यासमोरचा जवान खुर्चीतून थोडा पुढे झाला. आयकार्ड दाखवलं, कॉलेजचं पत्र दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाने दो," तो शेजारच्याला म्हणाला. "सवारी दो, टोकन एक."

मी हसलो. डब्यात बसल्यावर मात्र सॅक खाली ठेवता येईना. मांडीवरच घेतली.

डिसेंबरात धुकं पडलं. खिडकीबाहेरचं झाड दिसेनासं व्हायचं आणि दुपार कधी झाली ते कळायचं नाही. अशाच एका रविवारी मला विनोद सुचला. शेजारच्या खोलीतल्या पोरांना घाबरवायचं. सक्सेनाच्या रिकाम्या कॉटवर मी उशा उभ्या लावल्या, त्यावर कवटी ठेवली, जबडा मफलरनं बांधला, आईची माकडटोपी चढवली आणि गळ्यापर्यंत रजई ओढली. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. काम जरा जास्तच चांगलं झालं होतं. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

तिचा चष्मा डोक्यावर होता आणि आमच्या हॉस्टेलचं नेटवर्क तुम्हाला ठाऊक नाही.

"मागे कोण बसलंय रे?"

मी वळून पाहिलं. खरं सांगायचं तर ती विचारेपर्यंत तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"सक्सेना," मी म्हणालो.

"अच्छा, हाच का. बरं नाही का त्याला? किती वाळलाय. तुझी टोपी दिलीस ते बरं केलंस." मग आवाज चढवून, तिच्या परभणी हिंदीत, "बेटा, खाना खाया क्या?"

"लाजतो तो," मी म्हणालो आणि फोन ठेवून पोट धरून हसलो. संपूर्ण हॉस्टेलला हा किस्सा सांगितला. कवटी पेटीत ठेवली. पण संध्याकाळी जेवून आलो तेव्हा उशांवर मधोमध खळगा तसाच होता. मी उशा थोपटून सरळ केल्या.

पुढे दर फोनला तो विषय. सक्सेना जेवला का. सक्सेना घरी फोन करतो का. "नाही करत? मग त्याची आई काय करत असेल?" मी उत्तरं देत गेलो. तो वरणभात खातो, कमी बोलतो. खोटं बोलणं मला जमतं, पण हे फारच सोपं जात होतं, हे तेव्हा खटकायला हवं होतं. मग तिनं फर्मान काढलं, होळीला त्याला घेऊनच ये, पुरणपोळी कधी खाल्ली नसेल त्यानं. एका पार्सलमध्ये दुसरी टोपी आली. निळी. "ती लाल तुझी, ही त्याची."

होळीच्या आधी हाडांची व्हायवा होती. आमच्या मॅडम ज्याच्या-त्याच्या पेटीतल्या हाडांवर प्रश्न विचारायच्या. मी जबडा हातात दिला.

"उम्र?"

"चालीस-पचास, मॅडम," मी ठोकून दिलं. मेलेला माणूस म्हणजे वयस्कर, एवढाच माझा अभ्यास.

त्यांनी माझं बोट धरलं आणि जबड्याच्या मागच्या टोकाला, शेवटच्या दाढेच्या मागे टेकवलं. हाडातून एक टोक जेमतेम वर आलेलं लागलं. "ये अकल दाढ़ है. निकल रही थी." मग माझ्या गालाकडे पाहिलं. दोन दिवस तो सुजलेला होता, त्याच बाजूचा. "तुम्हारी भी निकल रही है?"

मी मान हलवली. त्यांनी दंडाचं हाड उचललं. वरच्या टोकाजवळ एक बारीक रेघ होती. इतके महिने मी तिला ओरखडा समजत होतो. "ये जुड़ा नहीं है अभी. अठारह, उन्नीस. तुम कितने के हो?"

"उन्नीस."

"पढ़ा करो," त्या म्हणाल्या, आणि पास केलं.

खोलीवर आलो. आरशासमोर तोंड उघडून बोट मागे नेलं. तेच टोक, तेवढंच वर आलेलं. पेटी कॉटखाली होती. उघडायचा धीर झाला नाही. मला सहा महिने जे कळलं नव्हतं ते आईला चष्म्याशिवाय, फुटक्या नेटवर्कवरून, एका नजरेत दिसलं होतं.

होळीला एकटाच गेलो. दार उघडल्यावर आईनं आधी माझ्या मागे पाहिलं. "तो कुठाय?" आत दोन पानं मांडलेली, दोन्हीवर पुरणपोळी. मी दारातच सगळं सांगून टाकलं. आधी विनोदानं सुरू केलं, ते मध्येच बंद पडलं.

आई ओरडेल असं वाटलं होतं. ती पाटावर बसली.

"पण माझ्याकडे बघून हसला होता रे तो."

त्याला दुसरं काही करता येत नाही, हे मी बोललो नाही.

"नाव काय त्याचं खरं?"

"माहीत नाही."

"घरी कळलं का त्याच्या?"

"माहीत नाही, आई."

ती पान उचलायला वाकली तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे आत्ता." मी जेवलो. शेजारच्या पानावरची पोळी गार होत राहिली, आणि त्या बाजूला माझा कोपर लागू नये म्हणून मी जरा सरकून बसलो होतो, हे मला हात धुताना कळलं.

दुसऱ्या वर्षी पेटी दीपकला दिली. मानेसरचा पोरगा, वडील गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात. निळी टोपी आत ठेवली. त्याला काय सांगायचं ते ठरवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, की मांडीवर घेऊन बस, आणि घरी पोचलास की मेसेज कर. तो माझ्याकडे विचित्र बघत होता. बघू दे.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. माझी दाढ पूर्ण आली. दंडातली ती रेघही आतापर्यंत भरली असेल. त्याची तेवढीच राहिली आहे. आधी वयानं मोठा वाटला, मग बरोबरीचा निघाला, आता धाकटा आहे. जिथे तो कधी गेला नाही अशा परभणीतल्या एका घरात त्याची विचारपूस होते. माझंही घर आता तेवढंच उरलंय. गावातली खोली बाबांच्या फायलींनी भरली, कॉट भाच्याला गेली. विचारपूस तेवढी जागेवर आहे.

पेटी दिली त्या संध्याकाळी दीपकचा मेसेज आला होता, "पहुँच गए भैया. दोनों."

मी आईला फोन लावला. "पोचला तो."

"बरं," आई म्हणाली. "टोपी घातली होती ना त्यानं?"