चुकलेली नाणी आणि दाजी

माझ्या संग्रहातलं पहिलं नाणं बाबांच्या कपाळावर आपटून माझ्यापर्यंत आलं.

सिंधीपुरा मोहल्ल्यात आमची पिठाची चक्की. बाबा जळगावकडून इकडे हिंदी मुलखातल्या कागद कारखान्यात नोकरीला आले होते, पुढे नोकरी सोडून त्यांनी ही चक्की टाकली. मी शाळेतून आले की गल्ल्यापाशी बसायची. एके दिवशी एका गिऱ्हाइकानं दळणाचे पैसे देताना एक विचित्र रुपया टाकला. त्यावरचा छाप एका कडेला सरकलेला, आणि उरलेल्या भागात नुसती कोरी चंद्रकोर.

"हा खोटा आहे, दुसरा द्या," बाबा म्हणाले.

"मी काय घरी छापतो का?" तो माणूस भडकला. शब्दाला शब्द वाढला, शिव्या आई-बहिणीवर गेल्या. त्यानं ते नाणं उचललं आणि बाबांच्या तोंडावर जोरात फेकलं. कड कपाळाला लागली. बाबांचा चेहरा पिठानं पांढरा झालेला, त्यावरून रक्ताची एक ओली रेघ नाकापर्यंत उतरली. बाबांनी चक्कीचा पट्टा आवळायचा लोखंडी पाना उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज चालत्या चक्कीतही मला ऐकू आला. पार पलीकडच्या बुधवाऱ्यापर्यंतची माणसं जमली. त्या गर्दीच्या पायांतून मी ते नाणं उचललं आणि मुठीत धरून ठेवलं.

का ठेवलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. बाकीची सगळी नाणी एकसारखी होती आणि हे एकटंच वेगळं होतं, एवढंच.

पुढे मला कळलं की ते खोटं नव्हतं. टांकसाळीत धातूची कोरी चकती साच्याखाली नीट बसली नाही, की छाप सरकतो. कधी चकतीवर छापच पडत नाही. कधी आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि त्याचाच ठसा पुढच्या चकतीवर उलटा दाबला जातो. मग एका बाजूला सिंह वर उठलेले दिसतात आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे, आत खोल गेलेले. अशी नाणी तपासणीतून निसटतात, बाजारात येतात, आणि लोक ती खोटी समजून एकमेकांच्या गळ्यात मारतात. चक्कीवर चिल्लर भरपूर येते. मी प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी बघायची. वर्षंच्या वर्षं काही सापडायचं नाही, आणि मग एखाद्या दुपारी ज्वारीच्या दळणाबरोबर एखादं यायचं.

बाबा गेल्यावर चक्की माझ्याकडे आली. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण माझी ताई.

ताईला देडतलाईजवळच्या गावात दिलं होतं. केळीचे मळे, विहिरीला पाणी, माणसं खाऊन-पिऊन सुखी. दाजी दिसायला देखणे आणि बोलायला गोड. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला ताई माहेरी आली, तेव्हा तिला एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं. "पाणी गेलं कानात," ती म्हणाली. आईनं पाणीच गेलं असं मानलं. मी मानलं नाही, पण गप्प बसायला मलाही शिकवलेलं होतं.

ताईला माझा नाद ठाऊक होता. आठवडी बाजारात भाजी घेताना ती सुटे पैसे मुद्दाम निरखून घ्यायची. काही वेगळं दिसलं की रुमालाच्या गाठीत बांधून माझ्यासाठी ठेवायची. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं नाणं तिनंच आणलं: आत दाबलेल्या उलट्या सिंहांचं. ते द्यायला आली त्या दिवशी तिचा ओठ फाटलेला होता आणि खालचा दात हलत होता. तोंडातून नीट शब्द फुटत नव्हते. तरी गाठ सोडून तिनं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते म्हणून. मी नाण्याकडे बघू की तिच्या तोंडाकडे, मला कळेना.

"ताई, परत जाऊ नको."

"पोरगी दहावीले आहे," ती म्हणाली आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली.

मग मोबाइलवर ते व्हिडिओ यायला लागले. तुमच्या घरात असं नाणं असेल तर रातोरात लखपती व्हा. सांगणारा माणूस नाण्याभोवती लाल गोल काढून ओरडायचा. चक्कीवर येणाऱ्या बायकाही गंमतीनं मला दाखवायच्या. दाजींनी मात्र ते गंमतीनं बघितलं नाही. केळीला भाव पडला होता आणि घरात धुसफूस चालली होती. बायकोनं वर्षानुवर्षं ही नाणी बहिणीला फुकट नेऊन दिली, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

ते आले तेव्हा भर दुपार होती. चक्कीत गहू चालू होता. दोन बायका डबे घेऊन बाकावर बसलेल्या. दाजींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"ये देख. असा शिक्का तुह्याकडे आहे की नाही?"

"आहे दाजी. पण हा माणूस खोटं बोलतो. एवढी किंमत कोणी देत नाही. इंदूरच्या प्रदर्शनात मी स्वतः विचारून आलेय."

"मले येडा समजती का तू? माह्या घरातून गेलेला माल आहे तो. निकाल इधर."

"तो माल तुमचा नाही. बाजारात ताईला सुट्टे म्हणून मिळालेलं नाणं आहे ते."

माझ्या गालावर थप्पड बसली. मी मागे पिठाच्या डब्यावर आदळले. मी लहानपणापासून त्या जागेत वावरलेली, पट्टा कुठे आहे ते मला डोळे मिटूनही ठाऊक. पण त्यांनी माझी वेणी धरून मला नाण्यांच्या कपाटाकडे ओढलं. मी सुटायला धडपडत होते. तोल जाताना आधारासाठी माझा उजवा हात पुढे गेला, आणि तो पट्टा आणि चाक यांच्या मधे गेला.

दुखलं नाही, आधी फक्त धक्का बसला. मग चाकावरून माझ्या तोंडावर काहीतरी गरम उडालं आणि समोरचं पीठ लाल झालं. बाकावरच्या एका बाईनं किंचाळत खटका बंद केला. चक्की थांबेपर्यंत तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं.

मी खाली बसले होते, मनगट दुसऱ्या हातानं आवळून. दाजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस वाकेल. तो मला ओलांडून कपाटाशी गेला. नाणी प्लॅस्टिकच्या खणांत लावलेल्या माझ्या दोन्ही फायली काढल्या, बगलेत मारल्या आणि परत मला ओलांडून बाहेर पडला. त्याच्या चपलेचा ठसा त्या लाल पिठात उमटला. त्या दोन बायकांनी मला रिक्षात घातलं. रस्ताभर त्यांच्यापैकी एक माझं डोकं छातीशी धरून त्याला शिव्या देत होती. अशा शिव्या मी बाईच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. त्या शिव्यांचा मला आधार वाटला.

घरी दाजींनी काय केलं ते ताईनं नंतर सांगितलं. नाणी चमकली की जास्त पैसे मिळतील, असं कुठल्यातरी व्हिडिओत होतं. त्यांनी एकेक नाणं प्लॅस्टिकच्या खणातून उचकटून काढलं आणि चिंच-राखेनं घासलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तेव्हा पॉलिश पेपर लावला. जुन्या नाण्याचा मूळचा रंगच त्याची खूण असतो. तो गेला की जाणकार त्याला हात लावत नाही. मग चुकलेल्या छापाचा आणखी माल तयार करायचा म्हणून त्यांनी साधी नाणी ऐरणीवर ठेवून हातोड्यानं ठोकली. घरभर ठणठणाट चालला होता, आणि ताई स्वयंपाकघरात बसून प्रत्येक ठोक्याला दचकत होती. माझ्या हाताचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

ते सगळं घेऊन दाजी खंडव्याला एका व्यापाऱ्याकडे गेले. व्यापारी हसला. दुकानातली बाकीची माणसंही हसली. ते हसू दाजी घरापर्यंत घेऊन आले.

मळ्यातून ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचा तुकडा आणून त्यांनी ताईला मारायला सुरुवात केली. "तुह्या बहिणीनं मले बेइज्जत केलं. तिची बोटं गेली ते कमीच झालं."

ताईला माझं तेव्हा कळलं.

ती म्हणते, त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दाराशी केळीचे घड कापायचा कोयता टेकवलेला होता. नळी पुन्हा वर गेली तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि फिरवला. दाजींचा दंड हाडापर्यंत उघडला. ते ओरडत अंगणात धावले, ती मागे धावली. सासऱ्यांनी तिला मागून मिठी मारली नसती, तर दुसरा घावही पडला असता. "पडायलाच पाहिजे होता," असं ती आजही म्हणते, भाजी निवडता निवडता, अगदी साध्या आवाजात.

मुलीला घेऊन ती माझ्याकडे आली. पाठीवर नळीचे वळ जांभळे होऊन फुगलेले होते. पिशवीत माझी नाणी होती, सगळी एकत्र ओतलेली, पांढरीफटक चमकणारी. हातोड्यानं चपटी झालेलीही त्यातच. मी ती पिशवी डाव्या हातानं जमिनीवर रिकामी केली आणि ओक्साबोक्शी रडले. दवाखान्यात मी इतकी रडले नव्हते. ताई बघत होती.

"बोटांसाठी नाही रडली तू," ती म्हणाली.

मी चपटी नाणी डाव्या हातानं वेगळी करायला लागले.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. नातेवाईक यायचे, मिटवा म्हणायचे, घराण्याच्या अब्रूचा विषय काढायचे. एकदा दाजी स्वतःच चार माणसं घेऊन चक्कीच्या दारात उभे राहिले. दंडावर पट्टी तशीच होती. "चल घरी," ते ताईला म्हणाले. मी आत चाकापाशी उभी होते. त्यांनी उंबरा ओलांडावा, असं मला फार वाटत होतं. एक पाऊल आत यावं आणि माझ्या हाताला त्यांचं मनगट लागावं. पट्ट्यात त्यांच्या हाताचं काय होईल ते मी डोळ्यांसमोर स्पष्ट बघत होते, आणि त्यात मला काही वाईट वाटत नव्हतं. ताईनं खटका दाबला. चक्की सुरू झाली. ते काय बोलतात ते ऐकूच येईना. तोंडं हलत राहिली, मग थांबली, मग ती माणसं निघून गेली.

कोर्टात ताईची साक्ष झाली तेव्हा दाजींच्या वकिलानं तिला विचारलं, "चिल्लरसाठी कोणी कोणाला एवढं मारतं का? कुणाला खरं वाटेल?"

"चिल्लर नव्हती तवा बी मारत होता," ताई म्हणाली. "मार खायले मले कारण कधीच लागलं नाही. मारायले त्यालेच निमित्त लागायचं."



दाजींना शिक्षा झाली. अपील चालू आहे आणि सध्या ते जामिनावर बाहेर आहेत. म्हणून आम्ही दोघी बाजारात एकट्या जात नाही. कोयत्याच्या घावाची ताईवरची केसही अजून उभी आहे. तिची मुलगी इथल्याच कॉलेजात जाते.

मी पुन्हा नाणी बघायला लागले आहे. उरलेल्या तीन बोटांत नाणं नीट धरता येत नाही, म्हणून डाव्या हातानं उलटते. मागच्या महिन्यात दहाचं एक नाणं आलं. त्याच्या आतली गोल चकती बाजूला सरकून पिवळ्या कडेवर चढलेली. आनंदानं मी ते ताईसमोर धरलं.

"मले नको दाखवू," ती म्हणाली आणि डबा उचलून चाळणीकडे गेली.

ती आता नाण्यांना हात लावत नाही. सुटे पैसे मोजायचे असले की मुलीला हाक मारते. मी तिला आग्रह करत नाही, आणि तीही मला हे सोडून दे म्हणत नाही. मी फाइल उघडते तेव्हा ती पाठ फिरवून बसते. दुपारचं जेवण मात्र आम्ही एकाच ताटात करतो.