नळीबाईचं वरचं वाक्य

तिला सगळे नळीबाई म्हणायचे, आणि हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. दुभाष्याच्या कामावर कोणी नवीन आलं की ती त्याला समोर बसवून सांगायची, आपण म्हणजे नळी. एका टोकाने ओतलं, दुसऱ्या टोकाने निघालं. नळीने पाण्यात साखर घालायची नसते. हे तिने इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी पोरांनी तिचं बारसंच करून टाकलं. बाईला राग आला नाही. उलट कोणी पूर्ण नावाने हाक मारली तर तीच दचकायची.

परकी भाषा ती काही कॉलेजात शिकली नव्हती. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर ती भाषा बोलणाऱ्या देशात गेली, तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करू लागली, आणि बरोबरच्या बायकांच्या गप्पांतून, त्याहून जास्त त्यांच्या भांडणांतून, ती भाषा तिच्या जिभेवर बसली. परत आल्यावर नवऱ्याने किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं आणि ती कोर्टाच्या कामाला लागली. घरी तिच्या तोंडाला खळ नसायचा. नवरा म्हणायचा, कोर्टात नळी आणि घरात धबधबा, माझंच नशीब. पण त्या धबधब्यातून कोर्टातलं एक अक्षर कधी घरी आलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

या कामाची रीतच अशी की साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे नळीबाईने आजवर कितीतरी चोऱ्या नाकबूल केल्या होत्या, दोन-चार घटस्फोट मागितले होते आणि एकदा तर भर कोर्टात स्वतःच्या सख्ख्या भावाला शिव्या दिल्या होत्या. तिला भाऊच नव्हता, ही गोष्ट वेगळी. दुसरी रीत म्हणजे खटल्याची फाइल दुभाष्याला दाखवायची नाही. आधी माहिती असली की माणूस समोरचा बोलण्याआधीच त्याचं वाक्य पुरं करायला लागतो. नळीबाईला हे पटायचं. फाइल नको, चहा द्या, असं ती हसत म्हणायची.

मग त्या पोरीचा खटला आला. दप्तर घेऊन शाळेत जायच्या वयाची पोरगी. त्या देशातला एक माणूस इथे फिरायला म्हणून आला होता, इथल्या एका दलालाने पैसे घेऊन पोरीला त्याच्या हवाली केलं होतं, आणि नंतर तो माणूस विमानात बसून आपल्या घरी जाऊन आरामात राहत होता. पूर्वी गोष्ट तिथेच संपली असती. आता दोन देशांचा करार झाला होता. त्याच्यावर त्याच्याच देशात खटला चालणार, आणि पोरीने इथल्या खोलीत बसून पडद्यावरून साक्ष द्यायची. पोलिसांतली, मुलांच्या विभागाची इन्स्पेक्टर बाई या खटल्याच्या कागदांमागे हात धुऊन लागली होती. दोन सरकारं म्हणजे दोन व्याही. नमस्कार-चमत्कार भरपूर, काम पुढे सरकेल तर शपथ. तिने दोघांचाही इतका पिच्छा पुरवला की शेवटी तारीख पडली.

खोली लहान होती. भिंतीवर पडदा, टेबलावर कॅमेरा, पाण्याचा ग्लास, आणि पाय जमिनीला टेकावेत म्हणून मुद्दाम आणलेली बुटकी खुर्ची. पोरगी बाहीचा दोरा उसवत बसली होती. आत येण्याआधी ती बाकावर दिसेल त्याला, शिपायालासुद्धा, एकच विचारत होती की आई कधी येणार. नळीबाईने ते ऐकलं होतं.

साक्ष सुरुवातीला नीट चालली. गाव, शाळा, दलालाची गाडी, मोठं हॉटेल. तिकडची न्यायाधीश बाई सावकाश विचारायची, नळीबाई तितक्याच सावकाश इकडे आणायची. मग हॉटेलच्या खोलीचं दार आलं आणि पोरगी थांबली. परत विचारलं, तरी गप्प. दोरा तेवढा लांबत चालला. आरोपीचा वकील घसा खाकरून म्हणाला की साक्षीदाराला पुढे काही सांगायचं नाहीसं दिसतं. न्यायाधीश बाईने कागद आवरायला घेतले. खोलीच्या आतलं सांगितल्याशिवाय त्या माणसावर काहीच शाबीत होणार नव्हतं, एवढं कळायला फाइल लागत नव्हती.

पोरगी नळीबाईकडे बघत होती. आणि बाई इकडच्या भाषेत, हळूच, आपलं स्वतःचं बोलून गेली.

"एवढं सांगून टाक बाळा. मग तुला आईकडे सोडतील."

पोरीने सांगितलं. सगळं सांगितलं. काय सांगितलं ते इथे परत उगाळायचं कारण नाही. नळीबाईने एकेक वाक्य तिकडे पोचवलं, 'मी' म्हणत, आवाज हलू न देता. वरचं एक वाक्य मात्र तिने पोचवलं नाही. बाहेर आल्यावर इन्स्पेक्टर बाईने तिचा हात घट्ट धरला, आणि कितीतरी दिवसांनी दोघी पोटभर जेवल्या.

पण वकील कच्च्या गुरूचा चेला नव्हता. साक्षीची टेप त्याने आपल्या पदरच्या दुभाष्याला ऐकवली. पुढच्या तारखेला न्यायाधीश बाईने पडद्यावरून विचारलं की तुम्ही मुलीला जे बोललात ते आम्हाला सांगण्यात आलेलं नाही, ते काय होतं? भाषांतर करून सांगायला खोलीत दुसरं होतं कोण? नळीबाईने स्वतःचंच वाक्य तिकडच्या भाषेत करून दिलं, 'बाळा'सकट. या वेळी तिचा आवाज हलला. निकाल तिथल्या तिथे झाला. मुलीला आमिष दाखवलं गेलं आहे, ही साक्ष चालणार नाही. दुसरा दुभाषी घेऊन पहिल्यापासून नव्याने.

इन्स्पेक्टर बाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाकावर बसली आणि म्हणाली, "आईकडे कसं सोडणार? आईनेच तर तिला गाडीत बसवलं होतं."

"मला काय माहीत," नळीबाई म्हणाली.

"तुम्हाला माहीत नसावं असाच नियम आहे." मग ती म्हणाली, "साक्ष दिल्यापासून पोरगी कपड्यांची पिशवी भरून बालगृहाच्या दाराशी बसते. रोज."

नव्या तारखेला नळीबाईला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती गेली आणि बाहेर बसून राहिली. पोरीशी बोलायची तिला मनाई होती. पिशवी घेऊनच पोरगी आली. बाई दिसताच तिचे पाय जागच्या जागी थांबले, पण तिला हाताला धरून आत नेलं. दुसऱ्या शहरातून एक दुभाषी आला होता, शहाणा माणूस, एक शब्द इकडचा तिकडे न करणारा. उकाड्यामुळे दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. खोलीच्या दारापर्यंत साक्ष याही वेळी पोचली, आणि तिथे पोरीचा आवाज आला.

"मी सांगितलंय. त्या मावशींना विचारा. त्या बाहेर बसल्यात."

दुभाष्याने ते जसंच्या तसं तिकडे पोचवलं. वकील म्हणाला, हे असं चालत नाही. न्यायाधीश बाईने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. पोरीच्या तोंडून दुसरं वाक्य निघालं नाही. नळीबाई बाकावरून उठून उभी राहिली, पण तिला आत कोणी बोलावलं नाही. दुभाष्याने ऐकलेलं ही काही साक्ष नव्हे. हा धडा तर ती स्वतःच नव्या पोरांना द्यायची.

तो माणूस सुटला, हे इन्स्पेक्टर बाईने फोनवर कळवलं. त्या संध्याकाळी नळीबाई घरी न जाता सरळ नवऱ्याच्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. धबधबा पार आटला होता. नवरा बराच वेळ एका किल्लीवर कानस घासत राहिला, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने विचारलं, काय झालं गं आज कोर्टात?

तिला सगळं पाठ होतं, दोन्ही भाषांत. 

"तिने सांगितलं होतं," ती म्हणाली. "सगळं सांगितलं होतं तिने. मी ऐकलंय."

नवऱ्याने कानस खाली ठेवली आणि दुकानाचं दार आतून ओढून घेतलं.